धर्मसंस्थांच्या रुग्णालयांत रुग्ण जास्त समाधानी का असतात, आणि त्या समाधानावर किती भरवसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विकसनशील देशांतल्या पाहण्यांमध्ये चर्चने, मठाने, मुस्लिम संघटनेने किंवा धार्मिक न्यासाने चालवलेल्या दवाखान्यांना रुग्ण सरकारी दवाखान्यांपेक्षा जास्त गुण देतात. हे खरं आहे का? ते श्रद्धेमुळे होतं का? आणि तुम्ही प्रबंधासाठी अशीच पाहणी करणार आहात, तर काय सांभाळावं?

मी नर्सिंगमध्ये तीस वर्षांहून जास्त काढली. त्यातली निम्मी मिशनच्या रुग्णालयांत वॉर्ड सांभाळण्यात गेली, आणि पुढची वर्षं अशाच संस्थांची गुणवत्ता तपासण्यात. त्यामुळे ही समाधानाची प्रश्नावली मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. आधी माझ्या वॉर्डातल्या बायकांच्या हातात ती दिली जायची, नंतर मीच ती घेऊन फिरायला लागले.

सरळ उत्तर द्यायचं तर हो, समाधान जास्त दिसतं आणि ते खोटं नसतं. मात्र ते मुख्यतः वागणुकीबद्दल असतं, उपचाराबद्दल त्यातून फार थोडं कळतं. वागणूक चांगली का, हे शोधायला गेलात तर उत्तर बहुतेक वेळा ड्युटीच्या तक्त्यात सापडेल, प्रार्थनाघरात कमी.

आधी आकड्यांकडे बघू, कारण या विषयातला मोठा गोंधळ तिथेच आहे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने झांबिया आणि लेसोथोतल्या अभ्यासाचा आधार घेऊन सांगितलं की आफ्रिकेतल्या आरोग्यसुविधांपैकी ३० ते ७० टक्के धर्मसंस्थांच्या मालकीच्या आहेत. हा आकडा नंतर भाषणांत, अहवालांत, देणगीच्या पत्रकांत सगळीकडे फिरला. जागतिक बँकेतल्या क्वेंटिन वोडोन आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब घरोघरच्या पाहण्यांवरून मांडला. आजारी पडलेला माणूस शेवटी गेला कुठे, असं विचारलं. तेव्हा तोच वाटा बराच खाली आला. पहिल्या मोजणीत इमारती आणि खाटा आहेत, दुसरीत माणसं. औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन परत गेलेला, पारंपरिक वैद्याकडे गेलेला, कुठेच न गेलेला, हे सगळे दुसऱ्या मोजणीत येतात. हा फरक लक्षात ठेवा, समाधानाच्या बाबतीतही तो पुढे लागणार आहे.

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ मध्ये धर्माधारित आरोग्यसेवेवर एक लेखमाला काढली. तिच्या पहिल्या लेखात जिल ऑलिव्हियर आणि सहलेखकांनी उपलब्ध पुरावा एकत्र केला. धर्मसंस्थांच्या दवाखान्यांत रुग्णांचं समाधान सरकारीपेक्षा साधारणपणे जास्त दिसतं, पण पुरावा तुटपुंजा आणि एकमेकांशी न जुळणारा आहे, असा त्याचा सूर आहे. शिवाय त्यातला बहुतेक पुरावा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या ख्रिस्ती संस्थांचा आहे. इंडोनेशियात १९१२ साली स्थापन झालेल्या मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेने १९२३ मध्ये योग्यकर्त्यात दवाखाना काढला आणि आज तिची शंभराहून जास्त रुग्णालयं आहेत. भारतात रामकृष्ण मिशनची रुग्णालयं आहेत, पुट्टपर्तीचं १९९१ पासूनचं सत्य साईबाबांचं रुग्णालय आहे, जिथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. या संस्थांमधल्या रुग्णांना काय वाटतं, यावर तितका बारीक, देशोदेशींची तुलना करणारा अभ्यास फार थोडा आहे. म्हणून तुमच्या प्रबंधात 'धर्मसंस्था' हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी कोणत्या, कुठल्या, हे लिहा. मलावीतल्या मिशन दवाखान्याचा निष्कर्ष जावातल्या रुग्णालयाला लावू नका.

आता समाधान येतं कुठून, ते सांगते.

माझ्या पहिल्या मेट्रन नन होत्या. पहाटे पावणेपाचला त्या वॉर्डात यायच्या. मोठा दिवा लावायच्या नाहीत, हातात टॉर्च असायचा आणि त्यावर बोटं ठेवून त्या उजेड कमी करायच्या. प्रत्येक खाटेपाशी थांबून सलाइनची बाटली बघायच्या, लघवीची पिशवी बघायच्या, उशाजवळचा पाण्याचा पेला भरलेला आहे का बघायच्या. बाळंतिणीच्या खाटेपाशी आल्या की चादरीखाली हात घालून तिचं पाऊल चाचपायच्या. पाऊल गार लागलं की लगेच चादर वर करून रक्तस्राव किती होतोय ते बघायचं आणि मग ब्लड प्रेशर घ्यायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. बायका मात्र घरी जाताना सांगायच्या, "मोठ्या सिस्टर पहाटे येऊन माझ्या पायावरून हात फिरवायच्या." त्या स्पर्शात एक तपासणी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मेट्रननाही त्यात माया वेगळी आणि तपासणी वेगळी वाटत नसावी. पाहणीत असल्या गोष्टीला 'आपुलकी' म्हणून गुण मिळतात, आणि तिने जीव वाचतो हे कुठेच नोंदलं जात नाही.

हे त्यांना कशामुळे जमायचं? त्या आवारातच राहत होत्या. त्यांची बदली होत नव्हती. रात्रपाळीची नर्स झोपलेली सापडली तर सकाळी तिला बोलावून जाब विचारण्याचा, वेळ पडली तर कामावरून कमी करण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता, त्यासाठी राजधानीत फाइल पाठवावी लागत नव्हती. टांझानियातल्या अरुशा भागात केनेथ लिओनार्ड आणि मेल्कियोरी मसाटू यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना येतं किती आणि प्रत्यक्षात ते करतात किती, हे वेगवेगळं मोजलं. दोन्हींत अंतर निघालं. जिथे माणसं नेमायचा आणि काढायचा अधिकार त्या दवाखान्याकडेच होता, तिथे डॉक्टर आपल्या कुवतीच्या जास्त जवळ काम करत होते. त्या भागात असे दवाखाने बरेचसे चर्चचे किंवा स्वयंसेवी संस्थांचे आहेत. म्हणजे जे श्रेय आपण पटकन श्रद्धेला देऊन मोकळे होतो, त्यातलं बरंचसं जागच्या जागी जबाबदारी असण्याचं आहे.

बरंचसं म्हणते, सगळं नाही. श्रद्धेचा वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कारण युगांडातला एक अभ्यास ते म्हणू देत नाही. रित्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन यांना दिसलं की धार्मिक ना-नफा दवाखाने शिकलेल्या कर्मचाऱ्यांना बाजारभावापेक्षा कमी पगारात नेमू शकतात, खासगी दवाखान्यांपेक्षा कमी पैसे घेतात, आणि त्यांची सेवा खासगीच्या तोडीची असते. सरकारी दवाखान्यांत उपकरणं चांगली होती, तरी सेवेत ते मागे होते. मग सरकारने धार्मिक दवाखान्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. पैसा हातात आल्यावर या लोकांनी तो स्वतःच्या सोयींवर उडवला का? तसं झालं नाही. हिवताप आणि जंतांच्या संशयित रुग्णांच्या तपासण्या वाढल्या आणि दर उतरले. मी हा निबंध वाचला तेव्हा मला माझ्या कितीतरी सहकारी आठवल्या. दुसरीकडे जास्त पगार मिळत असताना त्या राहिल्या होत्या, आणि का राहिलो हे त्यांनी कधी मोठ्याने सांगितलं नाही.

रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर धर्माचा मुद्दा आणखी मागे पडतो. माझ्या वॉर्डात निम्म्या बायका संस्थेच्या धर्माच्या नसायच्या. घाना आणि बुर्किना फासोतल्या रुग्णांशी बोलून झालेल्या कामातही हेच निघालं की लोक तिथे जातात ते चांगल्या सेवेसाठी आणि माणूस म्हणून वागवलं जातं म्हणून, दवाखाना आपल्या धर्माचा आहे हे कारण क्वचित येतं. बांगलादेशातल्या ग्रामीण सरकारी दवाखान्यांवरचा २००१ सालचा एक अभ्यास मी नव्या नर्सेसना नेहमी सांगते. रुग्णाच्या समाधानावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट होती वागणूक, त्यातही आदर आणि नम्रता. तिथे रुग्णाला सरासरी अर्धा तास थांबावं लागत होतं आणि तपासणी सरासरी २ मिनिटं २२ सेकंदांची होती. तरी रुग्णांना तपासणीची वेळ वाढण्यापेक्षा थांबायची वेळ कमी होणं जास्त महत्त्वाचं वाटलं. वैद्यकीय दृष्टीने सव्वादोन मिनिटांत काय तपासणार? पण लेकराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला थांबण्याचा अर्धा तास अंगावर जाणवतो, आणि दोन मिनिटांत काय सुटून गेलं हे कळायला तिला मार्ग नसतो.

इथून पुढे समाधानाकडे जरा सावध नजरेने बघायला लागतं.

एका मिशन रुग्णालयात मी तपासणीला गेले होते. नाव सांगत नाही. त्यांनी चांगली सोय केली होती. प्रश्नावलीत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं होती, म्हणजे वाचता न येणारीलाही बोट ठेवता यावं. विशीची एक मुलगी, बाळंतपणाचा दुसरा दिवस. तिने सगळ्या प्रश्नांना पहिला, सगळ्यात हसरा चेहरा दाखवला. दाखवताना तिची नजर माझ्या मागे होती, कारण माझ्या मागे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांना दुसऱ्या कामाला पाठवलं, कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "गेटपाशी आलीस तिथपासून सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. रात्री कळा देत आली तेव्हा अनामत रकमेची पावती होईपर्यंत पहारेकऱ्याने बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. नवरा पैशांसाठी गेला. नंतर व्हरांड्यात ती एकटीच येरझाऱ्या घालत राहिली. बाळ बाहेर यायला लागलं तेव्हा नर्स दुसऱ्या खोलीत होती, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईने हाका मारून तिला आणलं. टाके घालताना बधिरतेचं इंजेक्शन दिलं नाही. नंतर रक्तदाब कोणी घेतला का, तर आठवत नाही. केसपेपरवर घेतल्याची नोंद होती, तिन्ही वेळा एकच आकडा. मी विचारलं, "मग सगळीकडे पहिला चेहरा का दाखवलास?" ती म्हणाली, "बाळ जिवंत आहे ना. आणि इथे मला कोणी मारलं नाही."

आधीच्या बाळंतपणात, दुसऱ्या एका ठिकाणी, तिने मांडीवर चापट्या खाल्ल्या होत्या. त्यापुढे हे रुग्णालय तिला खरोखर चांगलं होतं. ती खोटं बोलत नव्हती.

ती एकटी नाही. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या वेळी निरीक्षकांनी सतत जवळ थांबून पाहिलेल्या २०१६ बायकांपैकी ८३८ जणींना, म्हणजे ४२ टक्क्यांना, मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसावा लागल्याचं दिसलं. जिथे पट्टी इतकी खाली आहे तिथे न मारणाऱ्या रुग्णालयाला पैकीच्या पैकी गुण मिळणार. त्याच वर्षी १२ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या इंटरनेट वापरणाऱ्यांना मुद्दाम निकृष्ट सेवेची वर्णनं वाचायला दिली, तर ५३ टक्के लोकांनी ती सेवा 'चांगली' किंवा त्याहून वरची ठरवली. आणि हे लोक शिकलेले, फोन हातात असलेले होते.

आपल्या भाषेतच हा घोळ आहे बघा. 'समाधान' आपण पोटभर मिळालं तरी म्हणतो आणि अर्धपोटी उठावं लागलं तर समाधान 'मानून घेतो'. प्रश्नावली दोन्हींवर एकच खूण करते. धर्मसंस्थेच्या रुग्णालयात यात आणखी एक थर चढतो, उपकाराचा. जिथे उपचार सेवा म्हणून, दया म्हणून दिला जातो आणि भिंतीवर तसं लिहिलेलं असतं, तिथे तक्रार करणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं वाटतं. एका ठिकाणी तक्रारपेटी प्रार्थनाघराच्या दाराशी टांगलेली पाहिली, किल्ली संचालकांकडे. वर्षभरात तीन चिठ्ठ्या, तिन्ही आभाराच्या. तिथल्या संचालकांना याचा मनापासून आनंद झाला होता. त्यांना ते वेगळ्या नजरेने दाखवायला मला जड गेलं, कारण माणूस अतिशय चांगला होता.

दुसरीकडे, काही रुग्णालयांवरचा लोकांचा विश्वास दहा प्रश्नांत मावणाराच नसतो. उत्तर युगांडात गुलूजवळचं सेंट मेरीज लाकोर रुग्णालय कोम्बोनी मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये सुरू केलं. बंडाळीच्या वर्षांत हजारो माणसं, त्यात कितीतरी मुलं, रात्री सुरक्षित झोपायला म्हणून त्याच्या आवारात यायची. २००० साली इबोलाची साथ आली तेव्हा तिथले डॉ. मॅथ्यू लुक्विया रुग्णांजवळून हलले नाहीत, त्यांनाही लागण झाली आणि ५ डिसेंबर २००० ला ते गेले. साथीत तिथल्या अनेक परिचारिकाही गेल्या. अशा ठिकाणी 'तुम्ही समाधानी आहात का' असं विचाराल तर उत्तर आजच्या ओपीडीचं येत नाही, दोन पिढ्यांचं येतं. ते उत्तर मोलाचं आहे. पण आज औषध वेळेवर मिळालं का, हे त्यातून कळणार नाही.

मग समाधान मोजूच नये का? मोजावं. याच्या बाजूने पुरावाही आहे. लिओनार्ड आणि मसाटू यांना अरुशात दिसलं होतं की निरीक्षक खोलीत येऊन बसला की डॉक्टर एकदम नीट तपासतात, आणि दहा-पंधरा रुग्ण झाले की पुन्हा आपल्या चालीवर येतात. लिओनार्ड यांनी पुढे याचाच उपयोग केला. त्या थोड्या वेळात तपासलेल्या रुग्णांचं समाधानही वाढलेलं निघालं. म्हणजे रुग्णाला फरक कळतो, आपण नीट विचारत नाही. विचारण्याच्या पद्धतीचा परिणाम केवढा होतो, हे नायजेरियात दिसलं. तिथे काही रुग्णांना 'इथे असं चांगलं होतं, पटतं का' असं विचारलं आणि काहींना तेच वाक्य उलटं करून. समाधानाचा आकडा काही प्रश्नांत १९ टक्के-बिंदूंपर्यंत हलला. सरकारी आणि मिशन दवाखान्यांतला जो फरक आपण निष्कर्ष म्हणून मिरवतो, तो पुष्कळदा याहून लहान असतो.

आता पैशांचं बोलते. फी ही धर्मसंस्थांच्या रुग्णालयांची दुखरी नस आहे, आणि समाधानाच्या पाहणीतून ती नेमकी सुटते.

युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी रद्द केली. चर्चच्या रुग्णालयांना ते परवडणारं नव्हतं, कारण पगार आणि औषधं बऱ्याच अंशी त्याच पैशांवर चालतात आणि परदेशी देणग्या आटत चालल्या होत्या. काही रुग्णालयांनी फी उतरवून ठोक केली, म्हणजे बिल किती होईल ही धास्ती तरी जावी. पुढे सरकारी पगार सुधारले तेव्हा शिकलेल्या नर्सेस तिकडे जायला लागल्या. ज्यांनी नातेवाइकांशी नीट बोलायला वेळ काढावा त्याच दोघींच्या जागी एक उरली. घानात राष्ट्रीय आरोग्य विमा आला, त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकले की मिशन रुग्णालयांची औषधाची कपाटं रिकामी पडतात. रुग्णाला हे काही दिसत नाही. त्याला चिडलेली नर्स दिसते आणि 'औषध बाहेरून आणा' ही चिठ्ठी दिसते.

मलावीतलं उदाहरण तुमच्या कामाला सगळ्यात उपयोगी पडेल. तिथल्या ख्रिस्ती आरोग्य संघटनेच्या दवाखान्यांशी सरकारने करार केले की बाळंतपणाचा खर्च सरकार देईल, बाईकडून पैसे घ्यायचे नाहीत. जिथे करार लागू झाला तिथे गरोदरपणातल्या तपासण्याही वाढल्या आणि दवाखान्यात होणारी बाळंतपणंही वाढली. या बायका काही नव्याने त्या भागात राहायला आल्या नव्हत्या. त्या आधीही तिथेच होत्या, फक्त गेटच्या आत येत नव्हत्या. करारापूर्वीच्या कुठल्याही समाधानाच्या पाहणीत त्यांचं मत नाही. ज्यांना फी भरता आली, ज्यांनी जवळचा दवाखाना ओलांडून मुद्दाम हा निवडला, त्यांनाच आपण विचारतो की निवड चुकली का. कोण म्हणेल चुकली?

गेटच्या आत येऊन अडकलेले आणखी वेगळे. लंडनमधल्या चॅटहॅम हाउस या अभ्याससंस्थेने २०१७ मध्ये बिल न भरल्यामुळे रुग्णांना डांबून ठेवण्याच्या प्रथेवर अहवाल काढला, कितीतरी देशांतली उदाहरणं त्यात आहेत. मी स्वतः धर्मादाय म्हणवणाऱ्या रुग्णालयात बरी झालेली बाळंतीण बिलापायी थांबवून ठेवलेली पाहिली आहे. तिला कोणी वाईट बोलत नव्हतं, दोन वेळचं जेवण मिळत होतं, फक्त घरी जाता येत नव्हतं. डिस्चार्ज झाला नाही म्हणून डिस्चार्जच्या वेळची प्रश्नावली तिच्यापर्यंत गेलीच नाही. त्या दिवसापासून मी कुठेही गेले की आधी लेखा विभागात जाते आणि डिस्चार्जचा शेरा पडूनही खाट न सोडलेल्यांची यादी मागते.

धर्माच्या अंगाने दोन गोष्टी थोडक्यात. प्रार्थनेबद्दल रुग्णांची तक्रार मी फार कमी ऐकली. सकाळची प्रार्थना बहुतेकांना, दुसऱ्या धर्माच्यांनाही, धीर देणारी वाटते. ती चालू असताना ड्रेसिंग थांबतं तेव्हा मात्र ओपीडीतले लोक कुरकुरतात, आणि ते बरोबरच आहे. आजारी माणसाच्या खाटेपाशी जाऊन धर्म बदलण्याची गोष्ट काढणं मला कधीच मान्य झालं नाही, मी प्रमुख असलेल्या वॉर्डात मी ते होऊ दिलं नाही. दुसरी गोष्ट गर्भनिरोधनाची. कॅथलिक संस्थांच्या दवाखान्यांत गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शनं, नसबंदी मिळत नाही. संस्थेची भूमिका संस्थेपाशी. पण जवळपास दुसरा दवाखाना नसलेल्या भागात हे बाईला आधी सांगितलं पाहिजे आणि कुठे मिळेल तेही सांगितलं पाहिजे. जे मागायचंच नसतं हे तिला ठाऊक आहे, ते न मिळाल्याची नाराजी ती कागदावर दाखवत नाही. पाचवं बाळंतपण तिथेच होतं आणि तेव्हाही ती हसरा चेहराच दाखवते.

तुमच्या पाहणीसाठी मी काय करीन ते सांगते. 'समाधानी आहात का' हा प्रश्न ठेवा, तुलनेसाठी लागतो, पण शेवटी ठेवा. त्याआधी घडलेलं विचारा. आल्यावर पहिल्यांदा कोणी बोललं ते किती वेळाने? तपासणाऱ्याने नाव विचारलं का? काय झालंय ते तुमच्या भाषेत सांगितलं का? पडदा लावला होता का? पैसे कधी मागितले, उपचाराआधी की नंतर? कोणी ओरडलं का, हात उगारला का? टाके घालताना इंजेक्शन दिलं का? यांची उत्तरं हो-नाहीत येतात, आणि उपकाराच्या भावनेने ती फारशी बदलत नाहीत. विचारणारी व्यक्ती संस्थेची नको, गणवेशात नको, अंगावर कुठल्याही धर्माचं चिन्ह नको. जागा आवाराबाहेरची हवी. जमलं तर दोन आठवड्यांनी घरी जाऊन विचारा, तोवर जीव वाचल्याची लाट ओसरलेली असते आणि बाई तपशिलाने बोलते. काही वाक्यं सुलटी, काही उलटी ठेवा. सोबत आलेल्या सासूला किंवा बहिणीला वेगळं विचारा, व्हरांड्यात काय झालं ते त्यांना जास्त माहीत असतं.

शेजारी दोन-तीन उपचाराचे आकडे ठेवा, नाहीतर नुसत्या गुणांना अर्थ राहत नाही. तापाच्या किती रुग्णांना मलेरियाची तपासणी करून मग औषध दिलं? प्रसूतीनंतर पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिन, म्हणजे रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, किती जणींना मिळालं? सिझेरियनआधी अँटिबायोटिक वेळेवर गेलं का? केसपेपर हातात घेऊन बघा, आणि रक्तदाबाचा एकच आकडा ओळीने दिसला की थांबून विचारा.

सर्वांत कठीण भाग तुमच्या मार्गदर्शकांना कदाचित अनावश्यक वाटेल. तरी आग्रह धरा. जे आले नाहीत त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवा. दवाखान्याच्या परिसरातली पंचवीस-तीस घरं घ्या आणि गेल्या वर्षभरात घरात कोण आजारी पडलं, कुठे नेलं, वाटेत हा दवाखाना लागत असताना पुढे का गेलात, असं विचारा. सल्ला न मानता रुग्णालयातून निघून गेलेल्यांची नोंदवही रुग्णालयात असते, 'डामा' म्हणून शेरा मारलेली. त्यातल्या दहा जणांना शोधून काढा. मी एकदा असे सात जण शोधले होते. पाच जणांनी एकच गोष्ट सांगितली. बिल रोज किती चढतंय ते कोणी सांगत नव्हतं, म्हणून भीतीने निघालो. त्या रुग्णालयाने नंतर रोज संध्याकाळी बिलाचा आकडा खाटेपाशी जाऊन सांगायला सुरुवात केली. त्यासाठी एका कारकुनाचा रोजचा अर्धा तास लागत होता.

प्रश्नावली तयार झाली की मुख्य पाहणीआधी ती चार-पाच बायकांसमोर मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्न त्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. 'समाधान' या शब्दापाशी त्या काय सांगतात ते जसंच्या तसं लिहून घ्या.